घर पाडण्याआधी एक पावसाळा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. लग्नाच्या बाबतीत निदान चार शहाणी माणसे आपणहून सल्ला द्यायला पुढे येतात. घराच्या बाबतीत मात्र सल्ला देणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याला त्या कामाचे पैसे मिळायचे असतात. जुन्या भिंतीवर थाप मारून तो म्हणतो, "यात आता काही राम राहिलेला नाही, पाडून टाका." झाले! घराचा निकाल लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हा निकाल लागण्याआधी एक पावसाळा थांबावे.

हा विषय डोक्यात घोळू लागला तो कडोलीमुळे. बेळगावच्या उत्तरेचे हे गाव आपल्याला ठाऊक आहे ते तिथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे. माझी मावशी तिथे दिलेली, त्यामुळे चोर्ला घाट ओलांडून माझे जाणे-येणे असते. त्या बाजूची जुनी घरे म्हणजे दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे सोपा, आत माजघर आणि मागे परसू. आता गल्लीगल्लीत स्लॅबची घरे उभी राहत आहेत. त्यात वावगे काही नाही. प्रत्येकाला बरे घर हवे असते. पण जुने घर का पाडायचे, याचे कारण तरी खरे असावे की नाही?

ऑगस्ट २०१९ च्या पावसात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली. त्यात मातीच्या भिंतींची घरे पुष्कळ होती. तेव्हापासून 'माती म्हणजे धोका' हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. नदीचे पाणी घरात शिरले तर मातीची भिंत टिकत नाही, हे खरेच आहे. पण जिथे पूर आला नाही तिथल्या भिंतीही खचतात, त्या का? मातीची भिंत कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. ती हरते ती पायाशी मुरणाऱ्या पाण्यापुढे. आणि हे पाणी पुष्कळदा आपणच तिच्या पायाशी आणून सोडलेले असते.

गल्लीत काँक्रीटचा रस्ता होतो. काही वर्षांनी त्यावर दुसरा थर पडतो. रस्ता वर येतो, घराचे जोते मात्र होते तिथेच राहते. पूर्वी दोन पायऱ्या चढून ज्या घरात जावे लागे, त्याच्या उंबऱ्याशी आता रस्त्याचे पाणी येऊन थांबते. दुसरी गोष्ट गिलाव्याची. घर 'पक्के' दिसावे म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. खालून चढलेली ओल मग बाहेर पडू शकत नाही. वरून गिलावा कडक दिसतो आणि आत भिंत मऊ होत जाते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, म्हणून आपले लोक तो वापरत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे फुटलेले कौल. एक कौल वेळेवर बदलले नाही तर चार पावसाळ्यांत वासा कुजतो.

आपण गोवेकरांनी यावर हसू नये. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे बेळगावच्या दुपटीहून अधिक. तरी आपल्या वाडवडिलांची मातीची आणि चिऱ्यांची घरे टिकली. ती काय मातीच्या किंवा चिऱ्याच्या गुणावर? उंच जोते, उताराचे छप्पर, भिंतीपासून लांब आलेली वळचण आणि पावसाच्या बाजूला बांधलेली माडाची झापे, या सगळ्यांनी मिळून भिंत कोरडी ठेवली. आज आपणही वळचण छाटतो, अंगणात पेव्हर बसवतो आणि भिंतीला लोणा लागला की चिऱ्याला दोष देतो.

म्हणून म्हणतो, एक पावसाळा थांबा आणि घराकडे बघा. मुसळधार पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात, त्यांचे शिंतोडे भिंतीवर किती उंच उडतात, पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानेही पाणी कुठे साचून राहते, ते पाहा. आत ओल जिथपर्यंत चढली असेल तिथे पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घाला. ओल खालून चढत असेल तर गटार आणि जोत्याचा प्रश्न आहे, वरून उतरत असेल तर छपराचा. माळ्यावर चढून वाशांची भिंतीत गेलेली टोके स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. भेगेच्या दोन्ही टोकांना खूण करा. भेग खुणेच्या पुढे सरकली, तर इंजिनियरला बोलावण्याची वेळ आली असे समजा. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. भिंत ओळंब्यातून सुटली असेल, फुगली असेल, तर पावसाळा बघत बसू नका. माणसे आधी बाहेर काढा.

या पाहणीनंतर कदाचित असे दिसेल की एक गटार, घरापासून बाहेर ढाळ आणि काही वासे-कौले एवढ्यावर भागते. कदाचित पाडणेच योग्य ठरेल. पण तेव्हा निदान कारण कळलेले असेल, आणि नव्या घरात तीच चूक होणार नाही. नाहीतर वीस लाखांच्या घरातही रस्त्याचे पाणी शिरतेच.

नवे बांधायचेच असेल तर जे दिसत नाही तिथे आधी पैसा घाला. आजच्या रस्त्याकडे बघून जोते धरू नका, रस्त्याचे आणखी दोन थर पडतील हे गृहीत धरा. काँक्रीट ओतणे सोपे जावे म्हणून त्यात पाणी वाढवू देऊ नका. ५० किलोच्या पिशवीला साधारण २५ लिटर पाणी पुरते, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारलेच पाहिजे. कोरड्या उन्हात हेच १० आणि १४ दिवस होतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. सेंट्रिंगवाल्याला त्याच्या फळ्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात. आपल्याला मात्र त्याच स्लॅबखाली आयुष्यभर झोपायचे असते.

सरकारी कचेरीत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वीट आणण्याआधी कागद पाहा. आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव तसेच असते. तिकडे पंचायतीच्या उताऱ्यावरही तीच तऱ्हा. एक भाऊ भविष्य निर्वाह निधी काढून घर बांधतो, दुसरा पुण्याहून म्हणतो, "बांध, माझी काही हरकत नाही." ही तोंडी 'हरकत नाही' पुढच्या पिढीपर्यंत टिकत नाही. कोणी किती घातले आणि कोणाचे काय, हे पाया खणण्याआधी लिहून काढावे. त्याने प्रेम कमी होत नाही, उलट टिकते.

आणि शेवटी सोपा. नव्या नकाशात पहिली गदा त्याच्यावर येते. त्या जागी हॉल होतो किंवा मोटारीचे शटर येते. सोप्यामुळे पुढच्या भिंतीवर थेट पाऊस येत नाही, हा झाला व्यवहार. पण म्हातारे माणूस दिवसभर बसते कुठे? वाटेने जाणारा "काय मावशी, बरं हाय नव्हं?" म्हणत टेकतो कुठे? सीमाभागात मराठी टिकली म्हणून आपण संमेलनाचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण संमेलन वर्षातून एक दिवस असते. बाकीचे सगळे दिवस ती भाषा सोप्यावर बोलली जाते. हॉलमध्ये टीव्ही बोलतो आणि माणसे ऐकतात.

नकाशा काढणाऱ्याला एवढेच सांगा, खोली दोन फूट लहान झाली तरी चालेल, पण पुढे चार माणसे बसतील एवढी झाकलेली जागा ठेवा. आपल्याकडच्या पडवीलाही हेच लागू आहे. ती एकदा नकाशातून गेली की पुढे पैसा आला तरी परत आणणे कठीण असते.