'अपात्र' म्हणजे काय, हे पोरांना कोण शिकवणार?

मा. कुलगुरू,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती



मागच्या उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात एक बाई भेटली. मांडीवर कापडाच्या दुकानातली पिशवी. तिच्यात सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, नवऱ्याचं आधार कार्ड. सगळ्यांच्या वर, घडी घालून घालून मधोमध फाटत आलेला एक कागद. "यात काय लिहेल हाय वो मॅडम?" तिनं विचारलं. शेजारी तिची मुलगी उभी होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. तिनं कागद दहादा वाचला होता, पण त्याचं पुढं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. कागदावर कामाचा शब्द एकच होता: अपात्र. कर्ज होतं, पण परवाना नसलेल्या सावकाराचं. ते सरकारी निकषात बसत नव्हतं.

डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयानं आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपये देऊ केले: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ते कुणाला द्यायचे, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. आमच्या जिल्ह्यात 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द निरक्षर बायांच्याही तोंडी आहेत. पण निकष काय, ते कुणी ठरवले, निर्णय पटला नाही तर दाद कुठं मागायची, हे पदवीच्या वर्गात बसलेल्या त्यांच्या मुलांना आम्ही सांगितलेलं नाही. खारपाण पट्ट्यातल्या पाण्यातले क्षार मोजणं त्या मुलीला येत होतं. ते खारं पाणी वर्षानुवर्षं प्यावं लागणं हा आपल्या हक्काचाही प्रश्न आहे, हे तिच्या कानावर आलं नव्हतं. मी आयुष्यभर याच जिल्ह्यात मराठी शिकवलं. त्यामुळे या चुकीत माझाही वाटा आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि मुख्य विषयाच्या जोडीला मायनर आला. माझी मागणी एवढीच: 'मानवी हक्क' हा मायनर जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक शाखेच्या मुलांना घेता यावा. राज्यशास्त्राच्या पेपरातलं एखादं प्रकरण आणि १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाची निबंध स्पर्धा एवढ्यावर आता भागणार नाही.

का, ते शेगाव तालुक्यानं दाखवून दिलं. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत बायाबापड्यांचे, पोरांचे केस मुठीमुठीनं हातात येऊ लागले. आयसीएमआरची पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. तोवर वर्तमानपत्रांनी 'टक्कल व्हायरस' असं बारसं करून टाकलं होतं, आणि त्या गावांतल्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या येत होत्या. आता हा विषय कुणाचा? गहू तपासायला रसायनशास्त्र लागतं. तो गहू कुठल्या मातीतून आला, हे शेतकी शिकलेल्याला कळतं. तो खाण्याजोगा असावा हा हक्क २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातला. सोयरीक मोडते तेव्हा समाजशास्त्र हवं, आणि बातमीतल्या त्या शब्दानं काय केलं ते सांगायला भाषेचा मास्तर हवा. एका गव्हाच्या दाण्यासाठी पाच विभागांनी एका टेबलाशी बसायला हवं होतं. आमच्या महाविद्यालयांत ते पाच विभाग एकमेकांच्या स्टाफरूममध्येही जात नाहीत.

अभ्यासक्रमाची सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न तर बुलढाण्याला पडूच नये. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतल्या एका कारकुनाची मुलगी, ताराबाई शिंदे, इथंच वाढली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या नावानं जो शिमगा चालला होता, तो वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, बाकीच्यांनी त्यांना विसरायची व्यवस्था केली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा काढलं. त्यात फौजदारी कायदा आहे, विधवाविवाहाचा प्रश्न आहे, धर्म आहे, वर्तमानपत्रांची वृत्ती आहे. मी ते वर्षानुवर्षं फक्त 'गद्य' म्हणून शिकवलं, याचं आज वाईट वाटतं. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना नको, 'सगळी माणसं' म्हणा, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांनी धरला आणि १९४८ मध्ये तो मान्य झाला. ताराबाईंचं पुस्तक त्याच्या ६६ वर्षं आधीचं. ही दोन पानं शेजारी ठेवून शिकवता येतील असा दुसरा जिल्हा मला तरी माहीत नाही.

प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून तास वाटून घ्यावेत, वकील, आरोग्यसेविका, कृषी सहायक यांना वर्गात बोलवावं. आणि श्रेयांकांतला मोठा वाटा प्रत्यक्ष कामाला द्यावा: प्रत्येक मुलानं एका कुटुंबाची कागदपत्रं त्यांच्यासोबत बसून वाचावीत, त्यांच्याकडून समजून घ्यावीत, लागेल तिथं अर्ज लिहून द्यावा. राज्य मानवी हक्क आयोगाकडं तक्रार करायला फी लागत नाही, पण घटनेला वर्ष उलटलं की आयोग ती चौकशीला घेत नाही. ही एक गोष्ट जरी पोरं गावात घेऊन गेली, तरी कितीतरी दारं बंद व्हायची राहतील. ज्यांचं नाव आपलं विद्यापीठ लावतं, ते गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारत. हा वर्ग तसा चालावा.

त्या बाईचा अर्ज आम्ही तिघींनी व्हरांड्यातच लिहिला. मुलीचं अक्षर चांगलं आहे, म्हणून तिच्याच हातानं. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, तिचा मायनर केव्हाच ठरून गेला. तिची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे.

कळावे,

आपली,
मराठीची एक निवृत्त प्राध्यापिका,
चिखली, जि. बुलढाणा