अळिंबीचा हजेरीपट कुठे आहे?

‘घरबसल्या उद्योग’ हे शब्द कानावर आले की सावध व्हा, मैत्रिणींनो! शिवणकाम, पापड, लोणची यांच्या जोडीला आता बचत गटांपुढे धिंगरी अळिंबी आली आहे. मानवतसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात हे पीक सोयीचे, यात शंका नाही. सोयाबीनच्या भुसकटावर ते येते, शेत लागत नाही, महिन्याभरात पहिली तोडणी होते. आमचा आक्षेप अळिंबीला नाही. आक्षेप आहे तो ‘फावल्या वेळात करा’ या सल्ल्याला.

कोणाचा फावला वेळ? भुसकट रात्रभर भिजवायचे, तासभर गरम पाण्यात निर्जंतुक करायचे, निथळायचे, बियाण्याचे थर देत पिशव्या भरायच्या. पंधरा-वीस दिवसांनी पिशव्या फाडल्या की रोज दोन-तीनदा पाणी फवारायचे. या पिकाला २० ते ३० अंश तापमान आणि भरपूर ओलावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. मग ओली पोती टांगा. त्या पाण्याचे हंडे आणि पाणी तापवायचे सरपण कोणाच्या डोक्यावर? हेच काम पुरुषाने केले तर तो ‘उत्पादक’ आणि बाईने केले तर तो ‘घराला हातभार’!

१९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातल्या बायांनी खडी फोडली. १९७७ मध्ये राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामावर बाईचे नाव हजेरीपटावर लागले, कामाचे माप निघाले, मजुरी मागायचा हक्क मिळाला. घरातल्या अळिंबीला हजेरीपट नाही, माप नाही, सुट्टी नाही. उंबरठ्याच्या आत आले की श्रम दिसेनासे होतात, ही जुनीच युक्ती आहे.

शिवाय धोका कोणाचा? ताजी अळिंबी उन्हाळी हवेत दिवसभरही धड टिकत नाही आणि दहा किलो वाळवली की जेमतेम किलोभर उरते. पिकलेल्या छत्र्यांतून उडणारे बीजाणू बंद खोलीत छातीत जातात, खोकला-दमा जडतो. एका खोलीच्या घरात पोरे तिथेच झोपतात. भूमिहीन बाईला तर भुसकटही विकतच घ्यावे लागते, कारण सातबाऱ्यावर तिचे नावच नाही.

म्हणून अळिंबी जरूर करू, पण आपल्या अटींवर. गटाच्या वहीत प्रत्येकीचे तास रोज लिहू आणि आधी मजुरी धरून मगच नफा मोजू. राहत्या घराबाहेर सामाईक शेड ग्रामपंचायतीकडे, नगरपरिषदेकडे मागू. ‘सगळा माल आम्हीच घेऊ’ म्हणणाऱ्याकडून भाव लेखी घेऊ. पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात जाईल आणि पिशव्या भरायला घरातला पुरुषही बसेल.

हे मान्य नसेल, तर तो उद्योग नव्हे, चुलीशेजारी मांडलेली दुसरी चूल आहे!