एका पुस्तकावर समाजाचा भार नको

१८४८ च्या ग्वादालूपे-इदाल्गो तहनाम्याने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेच्या अंमलाखाली गेला, आणि सरहद्दच घरांवरून पुढे सरकल्यामुळे जे लोक जागचे न हलता परक्या सत्तेची रयत ठरले, त्यांचे आणि मागाहून तेथे येऊन वसलेल्या मेक्सिकन कुटुंबांचे जे वंशज १९६० नंतरच्या दशकात नागरी हक्कांसाठी उभे राहिले, त्यांनी ‘चिकानो’ हे नाव साभिमान धारण केले. त्या समाजातील स्त्रियांनी, म्हणजे चिकाना लेखिकांनी, कुमारवयीन वाचकांसाठी जे साहित्य निर्माण केले त्याचे खरे मोल त्याच्या वैविध्यात आहे. म्हणूनच अभ्यासक्रमात या समाजाचे एखादे पुस्तक नेमले की कर्तव्य संपले, ही समजूत मला अत्यंत सदोष वाटते.

सान्द्रा सिस्नेरोस यांचे ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ १९८४ साली ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले आणि पुढे ते असंख्य शाळांत नेमले गेले, हे योग्यच झाले. परंतु कोणतीही कलाकृती, ती कितीही थोर असो, लक्षावधी घरांची मुखत्यार होऊ शकत नाही. ग्वादालूपे गार्सिया मॅकॉल यांच्या ‘अंडर द मेस्कीट’ या २०११ च्या पद्यमय कादंबरीतील लुपिता आईच्या कर्करोगाने खचलेल्या घरात धाकट्या भावंडांना सांभाळते. व्हियोला कानालेस यांची सोफिया शिष्यवृत्ती मिळवून टेक्सासच्या सीमाभागातून दूरच्या निवासी शाळेत जाते. इसाबेल किंतेरो यांची गॅबी स्वतःच्या स्थूल देहाविषयीचा संकोच आणि वडिलांचे व्यसन दैनंदिनीत निर्भीडपणे मांडते. आणि एरिका सांचेझ यांची हूलिया थोरल्या बहिणीच्या मृत्यूनंतर आदर्श कन्येच्या अपेक्षेखाली गुदमरून आत्मनाशापर्यंत जाऊन पोहोचते. या चौघींचे मूळ एक. स्वभाव, आकांक्षा आणि दुःख मात्र प्रत्येकीचे स्वतंत्र.

इतके दाहक विषय कोवळ्या वयाच्या हाती द्यावेत काय, ही पालकांची शंका प्रामाणिक आहे. तथापि ज्या घरात व्यसन वा मृत्यू वस्तीला आला आहे, तेथील मुलगी पुस्तक न वाचल्याने निष्पाप राहत नाही, केवळ एकाकी राहते. आणि जिच्या घरी हे दुःख नाही, तिला शेजारच्या बाकावरील मैत्रिणीचे मन जाणण्याचा याहून सौम्य मार्ग नाही.

ॲरिझोना राज्याच्या २०१० च्या कायद्याचा आधार घेऊन टूसॉनच्या शाळांतील मेक्सिकन-अमेरिकन अध्ययनाचा उपक्रम २०१२ मध्ये बंद करविण्यात आला व त्यातील काही पुस्तके वर्गांतून उचलून पेट्यांत भरली गेली. या कारवाईच्या मुळाशी वांशिक आकस होता, असा निर्वाळा संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तो न्याय मोलाचा खरा, पण तोवर शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या तो उपयोगी पडला नाही.

म्हणून शाळा आणि ग्रंथालये यांनी या लेखिकांची एकच नव्हे, अनेक पुस्तके मुलांच्या हाताशी ठेवावीत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलेही तेथील वर्गांत शिकतात. तेव्हा पुस्तके हटविण्याचा ठराव शाळामंडळापुढे येईल, त्या दिवशी त्या मुलांच्या आईवडिलांनीही सभेस उपस्थित राहून आपला विरोध दप्तरी नोंदवावा.