एम.ए. करावे काय? हिशेब कोणी बिघडवला?

बी.ए.चा निकाल लागला की वस्तीवस्तीत एकच चर्चा सुरू होते. एम.ए. करायचे की नाही? आईबाप म्हणतात शिक. शेजारी म्हणतो, एम.ए. झालेले घरी बसले आहेत, काय उपयोग? प्रस्थापित पंडित तर त्याहून पुढे जातात. पदव्या निरुपयोगी झाल्या, कौशल्य शिका, असा त्यांचा उपदेश. आमची पहिली-दुसरी पिढी विद्यापीठाची पायरी चढू लागली आणि नेमकी तेव्हाच पदवी निरुपयोगी कशी झाली? या उपदेशकांची स्वतःची मुले मात्र परदेशात एम.एस. करीत असतात!

तरीही केवळ भावनेपोटी प्रवेश घेऊ नये. एम.ए.ची वाट मुख्यतः प्राध्यापकीकडे जाते आणि तीच वाट अडवून ठेवली आहे. अनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि तासिका तत्त्वावर काम उरकायचे, हे महाराष्ट्राचे धोरणच होऊन बसले आहे. सेट-नेट झालेला तरुण तासावर शिकवतो. तास नाही तर पैसा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत चूल कशी पेटवायची, हे त्याचे त्यानेच पाहायचे. जागाच भरली नाही तर बिंदुनामावली कागदावर राहते आणि अनुशेष फुगत जातो. २०१८ मध्ये यूजीसीने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा घटक धरला, तेव्हा राखीव जागा कशा गायब होतात हे देशाने पाहिले. रस्त्यावर उतरल्यावर २०१९ मध्ये केंद्रीय संस्थांसाठी कायदा करावा लागला. म्हणजे हिशेब बिघडला तो विद्यार्थ्यामुळे नव्हे.

आता विद्यार्थ्याच्या हातात काय आहे ते पाहू. वसतिगृहाची खोली टिकावी म्हणून एम.ए.ला नाव घालायचे आणि अभ्यास एमपीएससीचा करायचा, हा प्रकार आपल्यात फार आहे. राज्यसेवेला साधी पदवी पुरते. शिवाय एक एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए. केले तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. ती संधी एकदाच असते, ती अशी जाळू नये. नेटसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराला एम.ए.त ५० टक्के गुण लागतात. ४९ वर थांबलेला दारातूनच परत फिरतो. एम.ए.च्या अंतिम वर्षातही नेट देता येते. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहेत. हे लक्ष्य ठेवून पहिल्या दिवसापासून बसणार असाल तर जरूर प्रवेश घ्या. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज वेळेत भरा. पैसे मात्र उशिरा येतात, हे धरूनच चाला.

आणि घरची स्थिती तशी नसेल तर? आधी नोकरी धरावी. आत्ता नाही तर कधीच नाही, असे काही नसते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात शिकवले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडन गाठते झाले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आपण जयंतीला त्या पदव्यांची यादी वाचतो, मधली तीन वर्षे कोणी सांगत नाही. आज नोकरी करीत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एम.ए. करता येते. जेआरएफची वयोमर्यादा तेवढी विसरू नये.

पण सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. गुणवंतांचा सत्कार करणाऱ्या संघटनांनी माहिती अधिकारात आपल्या तालुक्यातील अनुदानित महाविद्यालयाची बिंदुनामावली मागवावी. मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यात राखीव किती? जे उत्तर येईल ते सत्काराच्याच मंचावरून, मुलांच्या आईबापांसमोर वाचून दाखवावे.