नारळाची चूक आणि माणसांची चूक

रॉबर्ट मायकेल बॅलंटाइन ह्या स्कॉटिश कादंबरीकाराविषयीं एक गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगण्यांत येते. १८५७ सालीं निघालेल्या ‘दि कोरल आयलंड’ ह्या साहसकथेंत त्यानें झाडावरचा नारळ दुकानांतल्या सोललेल्या नारळासारखा वर्णिला. असोला नारळ पाहिलेलें कोंकणांतलें पोरहि ही चूक दाखवील! चूक कळतांच लेखक ओशाळला, आणि यापुढें शक्य तों स्वतः पाहूनच लिहावयाचें, असा त्यानें निश्चय केला. मग तो बेल रॉकच्या दीपगृहांत राहिला, लंडनच्या आगीच्या बंबावरील लोकांत वावरला, कॉर्नवॉलच्या खाणींत उतरला. केवढी ही सत्यनिष्ठा, असें त्याचे चाहते म्हणतात.

ह्या सत्यनिष्ठेला आमचा नमस्कार असो. पण ती पारखून घेतली पाहिजे. बॅलंटाइन १८२५ सालीं एडिंबरो येथें ग्रंथव्यवसायी घराण्यांत जन्मला. वडील वृत्तपत्राचे संपादक. चुलते जेम्स हे सर वॉल्टर स्कॉटचे मुद्रक. १८२६ सालीं स्कॉटबरोबर त्या घराण्याचीहि पेढी बुडाली. सोळाव्या वर्षीं मुलगा हडसन बे कंपनीच्या नोकरीवर कॅनडांत गेला. तेथील जीवन त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. पॅसिफिकमधील बेटें मात्र पाहिलीं नव्हतीं. तीं त्यानें इतरांच्या पुस्तकांतून घेतलीं. त्यांबरोबर नरभक्षक रानटी लोक, आणि त्यांना माणसांत आणणारा ख्रिस्ती धर्म, हेंहि घेतलें.

आमचा प्रश्न एवढाच: नारळाची चूक जर चूक, तर नारळाखालीं राहणाऱ्या माणसांविषयींची चूक कां नव्हे? तो काळाचा दोष होता, शिवाय पुस्तक मुलांचें आहे, असें उत्तर मिळतें. मुलांचें आहे म्हणूनच तर अधिक जपावयास हवें. मुलाजवळ तोलून पाहण्यास दुसरा तराजू नसतो.

१९५४ सालीं विल्यम गोल्डिंग ह्या शाळामास्तरानें ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्यें राल्फ व जॅक हींच नांवें घेऊन इंग्रज मुलांनाच रानटी झालेलें दाखविलें. उत्तर सडेतोड खरें; पण त्याहि बेटावर बेटवाल्यांना जागा नाहींच!

पुस्तक मुलांच्या हातून काढून घ्या, असें आम्ही म्हणत नाहीं. घरांतल्या वडील माणसानें शेजारीं बसून तें वाचावें; मात्र नारळाच्या चुकीला हंसून झाल्यावर तेथेंच थांबूं नये.