केबल तीच, मग स्पीड गेला कुठे?

रात्री उबुंटूने नवा कर्नल घेतला आणि सकाळी ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर स्पीड टेस्टचा काटा ९४ च्या पुढे हलेना. क्लायंटचा व्हिडिओ अपलोड व्हायचाय, डेडलाइन डोक्यावर! हात लगेच कस्टमर केअरच्या नंबरकडे जातो. थांबा बॉस, आधी दहा मिनिटं द्या.

हा ९४ चा आकडाच बोलका आहे. लॅन पोर्ट १००० ऐवजी १०० वर जोडला गेला, की साधारण एवढाच स्पीड हाती लागतो. खात्री करायचीय? टर्मिनलमध्ये 'इथटूल' आणि पुढे लॅन पोर्टचं नाव टाका. 'स्पीड'ची ओळ वाचा.

१०० दिसतंय? मशीन रीस्टार्ट करा, एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रब मेन्यू उघडा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. त्यावर १००० आलं, तर संशय नव्या कर्नलमधल्या नेटवर्क ड्रायव्हरवर. नाहीच आलं, तर अपडेट बिचारं बहुतेक निर्दोष! केबल बदलून बघा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणून एखादी तार तुटली तरी नेट चालू राहू शकतं, फक्त रांगत.

जुन्या कर्नलवर डेडलाइन गाठा, पण तिथे मुक्काम ठोकू नका. सिक्युरिटीच्या नव्या दुरुस्त्या त्यात नसतात.

आणि दोन्ही कर्नलवर १००० दिसूनही नेट रडतच असेल, तर मात्र खुशाल फोन लावा. आता भांडायला तुमच्याकडे पुरावा आहे!