चित्रद्वेष्ट्यांस उत्तर

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात संगणकाची आज्ञावली कशी शिकवावी, याविषयी अध्यापकवर्गात एक मत असे आहे की, विद्यार्थी आता मोठे झाले, त्यांस चित्रे कशास हवीत? पहिल्या तासापासून 'सी' भाषेचे नियम सांगावेत व ते पाठ करवून घ्यावेत. हे मत आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे.

नवशिक्याची खरी अडचण अर्धविराम कोठे द्यावा ही नव्हे. यंत्राच्या पोटात काय घडते ते त्यास दिसत नाही, ही होय. 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' ही ओळ पाहून बीजगणित शिकलेला मुलगा गोंधळतो, आणि ते योग्यच आहे. कारण समीकरण म्हणून ती असत्य आहे. येथे ती आज्ञा आहे : क्ष नावाच्या पेटीतील संख्या घ्यावी, तीत एक मिळवावा व बेरीज त्याच पेटीत ठेवावी. पेटी काढून दाखविली की हे तत्काळ उमजते. फिलिप ग्वो यांनी २०१० साली सिद्ध केलेले 'पायथन ट्यूटर' हेच काम ओळीओळीगणिक पडद्यावर करते.

हा पोरखेळ म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.कडे पाहावे. तेथील प्राध्यापक अभिराम रानडे यांच्या सी-प्लस-प्लसवरील पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच एक कासव पडद्यावर पुढे सरते, ९० अंशांत वळते आणि चौरस उमटतो. पंचकोन हवा असेल तर वळण ७२ अंशांचे, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावयाचे. हिशेब चुकला तर आकृती जुळत नाही. चूक दाखविण्यास गुरुजींची गरजच उरत नाही. देशातील निवडक विद्यार्थ्यांस जे चालते, ते हिंगोलीच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांस मात्र पोरकट कसे?

चित्रांची कुबडी सुटणार नाही, असा दुसरा आक्षेप. यात तथ्यांश आहे; रंगीत ठोकळे जुळविण्यातच वर्ष घालविणे आम्हांसही मान्य नाही. परंतु हे कासव चालविणारा लिहितो ती खरी सी-प्लस-प्लसच. चित्र केवळ तिचा परिणाम दाखविते. भूमितीत आकृती काढतात म्हणून युक्लिडास कोणी पोरकट म्हटल्याचे ऐकिवात नाही.

राहिला खर्च. ही साधने विनामूल्य आहेत, आणि वीज गेलीच तर पेट्या काढावयास खडू-फळा पुरेसा आहे. उणीव पैशाची नसून इच्छेची आहे.

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पास केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथील मोजमापांचा अर्थ आज्ञावल्यांनीच लावला जाईल. त्या लिहिणाऱ्यांत आमची मुले असावीत, की त्यांनी ती वेधशाळा कुंपणाबाहेरून पाहावी? पाठांतराचा आग्रह धरणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. मग चित्रांस खुशाल हसावे.